नभोवाणीवरील शास्त्रीय संगीताचा दर्जा (सोलापूर)

नभोवाणीवरील शास्त्रीय संगीताचा दर्जा : रागसंगीताच्या नभोवाणी कार्यक्रमांत कलाकाराची निवड, गायन-वादनाला दिलेला वेळ, निवेदन आणि आवाजाची शुद्धता यांवरून ठरणारा गुण. या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा कलाकाराच्या श्रेणीपाशी, म्हणजे आकाशवाणीने चाचणी घेऊन दिलेल्या दर्जापाशी, सुरू होते आणि तिथेच संपते. श्रोत्याच्या बाजूने पाहिले तर गायकाला वेळ किती मिळाला आणि गाणे चालू असताना त्यात कोणी हात घातला का, या दोन गोष्टी श्रेणीपेक्षाही निर्णायक ठरतात. हे तपासायला सोलापूर चांगले ठिकाण आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्यांच्या या शहरात रेडिओ कधीच एका केंद्रापुरता नव्हता.

श्रवणक्षेत्र : आकाशवाणीचे पुणे केंद्र 1953 मध्ये सुरू झाले, सांगली केंद्र 1963 मध्ये. पुणे सोलापूरपासून सुमारे 250 किलोमीटरवर आहे. कलबुर्गी त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर, आणि तिथले केंद्र 1966 पासूनचे. धारवाड केंद्र या सगळ्यांआधी, 1950 मध्ये उभे राहिले. त्यामुळे मध्यम लहरींच्या काळात सोलापूरच्या घरातला रेडिओचा काटा 792 किलोहर्ट्झवर पुणे, 1251 वर सांगली, 1107 वर कलबुर्गी आणि रात्री जमले तर 765 वर धारवाड असा फिरे. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो, त्याच्याही वरच्या थरावरून लहरी परावर्तित होतात आणि दूरची केंद्रे ऐकू येऊ लागतात. अर्थात आवाज चढता-उतरता, मध्येच दुसऱ्या केंद्राची कुजबुज मिसळलेला. नेमकी समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) तोंडावर आवाज खाली जाण्याची सवय त्या पिढीच्या कानांनी करून घेतली होती.

धारवाड ऐकू येणे ही लहान गोष्ट नव्हे. मल्लिकार्जुन मन्सूर त्या केंद्राचे संगीत सल्लागार होते आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या अवघड रागांबरोबर ते कन्नड वचनेही गात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या कन्नडभाषक घरांत बसवण्णांची वचने आधीच ओठांवर होती. तिथे ख्याल ऐकण्याची वाट वचनांवरून गेली, तर पंढरपूरच्या बाजूला ती अभंगावरून गेली. मैफलीच्या तिकिटासाठी पैसे मोजणे ज्यांना शक्य नव्हते, अशा गिरणी आणि मागावरच्या कामगारांच्या वस्तीत रागाचे नाव पोहोचले ते याच मार्गांनी.

धोरण आणि श्रेणी : आकाशवाणीच्या शास्त्रीय संगीताला आज जे वळण आहे ते मुख्यतः 1952 ते 1962 या दहा वर्षांत लागले. या काळात पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते. 1952 मध्येच संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, शनिवारी रात्री आणि दीड तासाचा. 1954 पासून आकाशवाणी संगीत संमेलन भरू लागले. चित्रपटसंगीताला मात्र त्यांनी दार लावले, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. 1957 मध्ये विविध भारती काढून सरकारने ते दार पुन्हा उघडले. रागसंगीत लोकांवर लादून रुचत नाही, हा यातला धडा खरा आहे. पण त्याच हट्टामुळे छोट्या गावातल्या माणसाला अमीर खाँ यांच्यासारखी नावे ओळखीची झाली, हेही तितकेच खरे. केसकरांची टिंगल करणारे या दुसऱ्या गोष्टीकडे सहसा वळत नाहीत.

कलाकारांच्या चाचणीची पद्धतही याच काळात घट्ट झाली. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारखे विद्वान परीक्षक मंडळावर होते. नावाजलेल्या गवयांनाही चाचणीला बसायला सांगितल्याने रोष झाला आणि काहींनी आकाशवाणीवर बहिष्कार घातला. बी, बी हाय, ए आणि टॉप या श्रेण्या आजही चालतात. मानधन, कार्यक्रमांची संख्या आणि गावातली पत या तिन्ही गोष्टी त्यांवर ठरतात. सोलापूरसारख्या ठिकाणी 'रेडिओवर गातात' एवढ्या ओळखीवर शिकवण्या मिळत. चाचणीने बेसूर गाणे दूर ठेवले, ही तिची मोठी कामगिरी. मात्र ती काही मिनिटांत स्वर, ताल आणि रागाचे व्याकरण तपासते. अर्धा तास राग खुलवण्याची गायकाची ताकद तिच्यात दिसत नाही. शुद्ध पण निर्जीव गाणारा पुढे सरकतो आणि थोडा चुकत, धडपडत पण जिवंत गाणारा मागे राहतो, ही तक्रार जुनी आहे आणि बऱ्याच अंशी रास्त आहे.

पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे, प्रकरण वेगळे सांगावे लागते. 1940 मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. कारण असे दिले गेले की तिच्या पक्क्या स्वरांवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) निघत नाही आणि तिचे समान अंतरांचे स्वर श्रुतींशी (स्वरांच्या सूक्ष्म अंतरांशी) जुळत नाहीत. 1970 नंतर ही बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. मराठी मुलखात हा निर्णय फार जाचला. नाट्यसंगीत ऑर्गन आणि पेटीवर वाढलेले, आणि सोलापुरात भजनी मंडळापासून गायनाच्या वर्गापर्यंत पेटीखेरीज पान हलत नाही. घरी पेटीवर तयार झालेला गवई स्टुडिओत आला की शेजारी सारंगी किंवा व्हायोलिन असे. स्वरांच्या दर्जासाठी घेतलेल्या निर्णयाने कित्येकांच्या गाण्याचा दर्जा त्या दिवसापुरता खाली आणला.

वेळ : रेडिओवरच्या शास्त्रीय संगीतातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी चर्चिले जाणारे अंग म्हणजे मिनिटे. अतिविलंबित (फार संथ) एकतालात एक मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचे आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, 48 सेकंदांत पुरे होते. पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात सुरुवातीचे आणि शेवटचे निवेदन वजा केले आणि पाच मिनिटे द्रुत (जलद) बंदिशीला ठेवली, तर संथ बड्या ख्यालाला जेमतेम दहा-अकरा आवर्तने उरतात. त्यात स्थायी, अंतरा, आलाप, बोलआलाप आणि थोड्या ताना. मध्य सप्तकातून तार षड्जापर्यंत पायरी पायरीने चढायला ही जागा पुरत नाही. म्हणून अनुभवी कलाकार लय वाढवतात किंवा मध्यलयीतल्या झपताल-रूपकातल्या बंदिशीपासून सुरुवात करतात. जयपूर घराण्याच्या गायकांना हे फारसे जड जात नाही. सावकाश बढत करणाऱ्या, म्हणजे राग स्वरास्वराने वाढवणाऱ्या, किराणा घराण्याच्या गायकीची मात्र ओढाताण होते. एका अंगाचे गाणे रेडिओवर चांगले वाटते आणि दुसरे उरकल्यासारखे वाटते, याचे कारण कित्येकदा गायकात नसते.

तीन मिनिटांच्या तबकडीवर किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांनी काय केले याचा दाखला देऊन 'थोडक्यातही उत्तम गाता येते' असे म्हटले जाते. येते, पण तबकडीसाठी गाणे मुद्दाम बांधलेले असे. मैफलीचे गाणे कापून पंधरा मिनिटांत बसवणे ही निराळी गोष्ट आहे, आणि ध्वनिमुद्रित मैफलीचा तुकडा लावून बातम्यांची वेळ झाली की आवाज हळूहळू बंद करणे ही तर सरळ मोडतोड. द्रुत ऐन रंगात असताना असा आवाज मिटला की श्रोत्याला राग येतो तो निवेदकाचा. दोष मात्र वेळापत्रक आखणाऱ्याचा असतो.

प्रहर : या बाबतीत नभोवाणीने रागसंगीतावर केलेल्या उपकाराला तोड नाही. सार्वजनिक मैफली संध्याकाळी आणि रात्री होतात. यमन, बागेश्री, मालकंस, दरबारी पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात. तोडीचे प्रकार, शुद्ध सारंग, वृंदावनी, भीमपलास, मुलतानी यांच्या वाट्याला मंच फारसा येत नाही. आकाशवाणीचा दिवस सभांमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या सत्रांमध्ये, विभागलेला असल्याने सकाळच्या आणि दुपारच्या सभेत हे राग आपोआप आले. पूर्वी एका कलाकाराला एकाच दिवशी सकाळी, दुपारी आणि रात्री गायला बोलावत, म्हणजे त्या गायकाकडे तिन्ही प्रहरांचे राग तयार असावे लागत. ध्वनिमुद्रण रुळल्यावर सगळे एकाच बैठकीत उरकता येऊ लागले. सकाळी अकरा वाजता बंद खोलीत मुद्रित केलेला बिहाग रात्री वाजतो. ऐकणाऱ्याला प्रहर सांभाळल्याचे समाधान मिळते. गाणाऱ्याला मिळाले असेल का, हा प्रश्न उरतोच.

निवेदन : चांगल्या निवेदनात कलाकार, राग, ताल, बंदिशीचे बोल आणि साथीदारांची नावे एवढे यायला हवे, आणि ते सुरुवातीला तसेच शेवटीही. मधून रेडिओ लावणाऱ्याला शेवटचे निवेदन हाच आधार असतो. तबलजी आणि सारंगियांची नावे गाळली जातात तेव्हा दर्जा किती उतरला हे समजायला दुसरे काही लागत नाही. विविध भारतीवरचा 'संगीत सरिता' हा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम या दृष्टीने आदर्श मानावा असा. त्यात रागाची थोडकी माहिती, त्यावर बेतलेले चित्रपटगीत आणि मग शास्त्रीय सादरीकरण असा क्रम असे. सोलापुरातल्या अनेकांची रागांशी पहिली ओळख अशा कार्यक्रमांतून झाली. त्याची भाषा हिंदी होती, आणि मराठीत त्या तोडीचे सातत्य क्वचितच राहिले.

आवाज : मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये 9 किलोहर्ट्झचे अंतर असते, त्यामुळे त्यांवरून साधारण साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचाच ध्वनी नीट पोहोचतो. एफएमवर ही मर्यादा 15 किलोहर्ट्झ आहे. तंबोऱ्याच्या जवारीतून (तारांखालच्या घासलेल्या घोडीतून) उमटणारे वरचे उपस्वर, तबल्याच्या चाटेचा (कडेचा) टणत्कार आणि सतारीच्या तरफा (मुख्य तारांखालच्या झंकारणाऱ्या तारा) यांना या फरकाचा थेट फटका बसतो. मध्यम लहरींवर तंबोरा म्हणजे मागची नुसती गुणगुण. एफएम आल्यावर तो पुन्हा तंबोरा झाला. मिरज सोलापूरकरांच्या जवळचे. तिथल्या तंबोऱ्यांना आणि सतारींना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या जवारीची कारागिरी रेडिओवरून ऐकू यायला एफएम यावे लागले.

एफएमने नवी अडचणही आणली. अनेक केंद्रे आवाजाचा लहान-मोठेपणा यंत्राने सपाट करतात, म्हणजे गाडीत किंवा दुकानात सगळे सारख्या जोराने ऐकू येते. चित्रपटगीताला ते चालते. ख्यालात गायक दम घ्यायला थांबला की हे यंत्र लगेच तंबोरा वर उचलते आणि आवाज लागताच पुन्हा खाली दाबते. ठुमरीतली हलकी कुजबुज आणि मोठी पुकार एकाच उंचीची होते.

स्थानिक कलाकार : सोलापूरला आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र आहे. अशा जिल्हा पातळीवरच्या केंद्रांचे काम दोन प्रकारचे असते, मोठ्या केंद्रांवरचे कार्यक्रम त्याच वेळी पुढे प्रसारित (सहक्षेपित) करणे आणि गावातले संगीत ध्वनिमुद्रित करणे. दर्जाच्या दृष्टीने दुसरे काम अधिक मोलाचे, कारण मुंबई-दिल्लीचे संगीत अन्य मार्गांनीही मिळते.

सोलापूरची खास गोष्ट म्हणजे सुंदरी. शहनाईच्या कुळातले, पण तिच्याहून आखूड आणि टिपेचे हे वाद्य अक्कलकोट संस्थानच्या आश्रयाने नावारूपाला आले आणि सोलापूरच्या जाधव कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या जपले. सिद्राम जाधव यांच्या तबकड्या निघाल्या. पुढे चिदानंद आणि भीमण्णा जाधव यांनी ही परंपरा चालवली. इतक्या थोड्या हातांत राहिलेल्या वाद्याला नभोवाणीचा आधार मोठा, कारण दुसऱ्या शहरातल्या श्रोत्याला सुंदरी प्रत्यक्ष ऐकण्याची संधी सहसा मिळत नाही. तिचे ध्वनिमुद्रण मात्र कसब मागते. फुंकीचे वाद्य जवळ धरलेल्या मायक्रोफोनवर कर्कश होते, लांब धरले तर खोलीचा घुमार येतो. चांगला अभियंता मायक्रोफोन वाद्याच्या तोंडासमोर न ठेवता थोडा बाजूला, वर ठेवतो.

जुन्या ध्वनिफिती जागा आणि पैसा वाचवण्यासाठी पुसून पुन्हा वापरल्या जात. राष्ट्रीय कार्यक्रमांतले बरेचसे संगीत आकाशवाणीच्या संग्रहात टिकले आणि त्यातले काही 'आकाशवाणी संगीत' या नावाने विक्रीलाही आले. लहान गावांतल्या बी हाय श्रेणीच्या गायकांचे गाणे मात्र हवेत विरले. एखाद्या प्रदेशाचे गाणे कसे होते हे ताऱ्यांपेक्षा अशा गवयांवरून जास्त कळते, त्यामुळे हे नुकसान भरून न येणारे आहे.

खाजगी केंद्रे आणि नवी साधने : सोलापूरच्या खाजगी एफएम केंद्रांवर हिंदी-मराठी चित्रपटगीते चालतात. दर काही मिनिटांनी जाहिरात लावणाऱ्या व्यवसायाला अर्ध्या तासाचा अखंड ख्याल परवडत नाही, यात त्यांना नावे ठेवण्यासारखे काही नाही. आकाशवाणीने बंगळुरूत 'अमृतवर्षिणी' ही शास्त्रीय संगीताची स्वतंत्र एफएम वाहिनी चालवली. 26 जानेवारी 2016 पासून 'रागम्' ही चोवीस तासांची वाहिनी सुरू झाली. ती उपग्रहावरून आणि मोबाइलवर ऐकता येते. तिच्यावर हिंदुस्थानी व कर्नाटक दोन्ही पद्धती असल्याने सोलापूरच्या तेलुगूभाषक पद्मशाली घरांना त्यागराजांच्या कृती आणि शेजारच्या मराठी घराला ख्याल एकाच ठिकाणी मिळतो.

वेळेची अडचण अशा वाहिनीने पुष्कळ सोडवली. माहितीची सोडवलेली नाही. 1935 पासून 'इंडियन लिसनर' हे नियतकालिक आणि 1958 पासून त्याच्या जागी 'आकाशवाणी' कार्यक्रमांचा तपशील आगाऊ छापत असे : कोण, कोणता राग, किती वाजता. मराठी दैनिकांतही त्या दिवसाचे कार्यक्रम येत. गुरुवारी रात्री साडेदहाला जयजयवंती आहे हे आधी माहीत असलेला श्रोता कामे आटोपून रेडिओजवळ बसे, शिकणारी मुले वही घेऊन बसत. हाताशी चोवीस तासांचा प्रवाह असूनही पुढच्या तासाला काय लागणार हे सोलापुरातल्या श्रोत्याला आता छापील रकान्यात सापडत नाही.