पुरवठा साखळीचा भारतीय अभ्यास : सूत्रे आधी, मोजमाप नंतर

कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंत माल पोचवण्याच्या सगळ्या कामांचे एकत्र नियोजन म्हणजे पुरवठा साखळी व्यवस्थापन; हे नाव कीथ ऑलिव्हर या सल्लागाराने १९८२ साली प्रचारात आणले. पण त्या नावाखाली येणारे बरेचसे गणित भारतात त्याआधीपासून शिकवले जात होते. निर्णयांसाठी गणित वापरणाऱ्या शास्त्राची संस्था, ऑपरेशनल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया, १९५७ मध्ये स्थापन झाली, कोलकाता व अहमदाबाद येथील आयआयएम १९६१ मध्ये, तर पवईची 'निटी', म्हणजे आजची आयआयएम मुंबई, १९६३ मध्ये. स्कूटरसाठी ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत असल्यामुळे तयार माल खपवण्याची चिंता त्या काळच्या कारखानदाराला फारशी नव्हती. त्याची अडचण परवान्यावर मिळणाऱ्या कच्च्या मालाची होती. साहजिकच अभ्यासही स्टोअर, खरेदी आणि साठ्याचे एबीसी विश्लेषण (खर्चातल्या वाट्यानुसार वस्तूंचे तीन गट पाडणे) यांभोवती फिरला आणि विषयाचे नाव 'मटेरियल्स मॅनेजमेंट' राहिले.

१९९१ च्या उदारीकरणानंतर 'पुरवठा साखळी' हे नाव आले, तरी पाठ्यपुस्तकातली सूत्रे येथील रस्त्यावर चालत नव्हती. गोदाम कोठे असावे हे सूत्राप्रमाणे अंतर, भाडे आणि मागणी यांवरून ठरते. येथे मात्र ते १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याने ठरवले होते : दुसऱ्या राज्यातील ग्राहकाला थेट माल विकला की कर लागे, पण तोच माल त्या राज्यातल्या स्वतःच्या गोदामात हलवून 'एफ' फॉर्म (ही विक्री नसून केवळ हलवणूक असल्याचा दाखला) जोडला की तो कर लागत नसे. त्यामुळे कंपन्यांनी राज्यागणिक गोदामे उघडली. मुंबईची जकात चुकवून हद्दीबाहेर माल उतरवता यावा, हे भिवंडीतल्या गोदामांच्या वाढीमागचे एक मोठे कारण होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर हे गणित नव्याने मांडावे लागले आणि संशोधकांना एक चांगला विषय आयता मिळाला.

पद्धतीच्या बाबतीत एक जुना निबंध महत्त्वाचा ठरला. मंडल आणि देशमुख यांनी १९९४ मध्ये पुरवठादार निवडण्यासाठी 'इंटरप्रिटिव्ह स्ट्रक्चरल मॉडेलिंग' वापरले. मोजक्या जाणकारांची मते घ्यायची आणि कोणता घटक कोणावर परिणाम करतो याची उतरंड लावायची, अशी ही रीत आहे. कंपन्या आपली आकडेवारी बाहेर देत नाहीत आणि प्रश्नावल्या भरून परत येत नाहीत, अशा देशात ती सोयीची होतीच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी बढतीसाठी निबंधांना गुण दिल्यावर तिची सोय आणखी वाढली. ट्रकच्या बिल्ट्या चाळण्यापेक्षा दहा-बारा जाणकारांना गाठणे केव्हाही सोपे, आणि पुढच्या पुष्कळ लेखनावर याच सोयीची छाप आहे, असे माझे मत आहे.

मोजमापाची ही उणीव दोन आकड्यांत स्पष्ट दिसते. फळे-भाजीपाल्यापैकी ३० ते ४० टक्के माल वाया जातो, हे वाक्य कितीतरी निबंधांच्या प्रस्तावनेत एकमेकांवरून उतरवले गेले. काढणीनंतरच्या शेतमालावर संशोधन करणाऱ्या लुधियानाच्या 'सिफेट' संस्थेने १२० जिल्ह्यांत ४५ पिके व उत्पादने तपासून २०१५ मध्ये दिलेला आकडा फळांसाठी ६.७० ते १५.८८ टक्के, तर भाज्यांसाठी ४.५८ ते १२.४४ टक्के होता. अर्थात हे मोजणेही सरळ नाही. एप्रिलमध्ये चाळीत भरलेला उन्हाळ कांदा सप्टेंबरात काढून निवडायला घेतला, की काही सडलेला, काही कोंब फुटलेला आणि उरलेला वजनाला हलका निघतो. यातले नुकसान कोणते आणि ते कोणत्या महिन्यात मोजायचे, यावर उत्तर बदलते.

दुसरा आकडा मालवाहतूक व साठवणुकीच्या खर्चाचा. तो सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १३ ते १४ टक्के आहे, असे मंत्र्यांच्या भाषणांपासून प्रबंधांपर्यंत सगळीकडे सांगितले जाई. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाल्यानंतर 'एनसीएईआर' या आर्थिक संशोधन संस्थेने केलेली मोजणी डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २०२१-२२ साठी हा खर्च ७.८ ते ८.९ टक्के निघाला.