व्हर्जन बदललं की सॉफ्टवेअर बदललं?

डिलिव्हरी उद्यावर आलेली असते आणि शॉटची फाइल उघडताना न्यूक, म्हणजे व्हीएफएक्समधली वेगवेगळी चित्रं एकत्र जोडायचं (कंपोझिटिंगचं) सॉफ्टवेअर, 'अननोन कमांड' म्हणून हात वर करतं. मग दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, "नवं व्हर्जन कुणी टाकलं?" आणि दुसरं, "यापेक्षा सॉफ्टवेअरच बदलून टाकू." वैताग एकच असला तरी ही दोन दुखणी निराळी आहेत. पहिल्यावर दुसऱ्याचा उपाय करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

व्हर्जन बदललं की मोडतं ते आजूबाजूचं. तुमचा हात तोच राहतो, शॉर्टकट तेच राहतात. पण न्यूकसाठी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं प्लगइन (वरून जोडलेलं टूल) १३.० साठी कंपाइल केलेलं, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवलेलं असेल, तर १३.१ साठी ते पुन्हा कंपाइल करावं लागतं. गिझ्मो (न्यूकच्याच पायऱ्या एकत्र बांधून केलेलं टूल) हा साधा मजकूर असल्यामुळे बहुधा तरून जातो. २०२१ मध्ये न्यूक १३ आलं आणि त्यातल्या स्क्रिप्टसाठी पायथन २.७ जाऊन पायथन ३ आलं, तेव्हा टीडी (टेक्निकल डायरेक्टर, म्हणजे स्टुडिओची टूल्स सांभाळणारे) मंडळींची झोप उडाली. जुन्या पद्धतीचं 'प्रिंट' लगेच एरर देतं. ते बरं, निदान कळतं तरी. खरा घात भागाकार करतो. पायथन २ मध्ये ७ भागिले २ म्हणजे ३. पायथन ३ मध्ये ३.५. फ्रेम नंबर काढणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हे शिरलं की कुठलीही एरर न येता गणित चुकतं. आर्टिस्टला मात्र यातलं काही जाणवत नाही. त्याला फक्त 'टूल चालत नाही' एवढंच दिसतं.

सॉफ्टवेअर बदललं की उलट होतं. आफ्टर इफेक्ट्स या लेअरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधून न्यूकमध्ये आलेल्या माणसाचं मशीन ठणठणीत असतं, त्याचा हातच अडखळतो. लेअर एकावर एक रचायची सवय, आणि इथे प्रत्येक 'ओव्हर'साठी (एका चित्रावर दुसरं ठेवण्यासाठी) मर्ज नोड, म्हणजे तेवढं एकच काम करणारा ठोकळा, स्वतः जोडायचा. तिथे अल्फा (पारदर्शकतेचा चॅनेल) कसा वाचायचा ते फुटेज आत घेतानाच ठरतं. इथे प्रीमल्ट (रंगाला अल्फाने गुणणं) आणि अनप्रीमल्ट (पुन्हा भागणं) कुठे लावायचं याची जबाबदारी तुमची. तिथे नवा प्रोजेक्ट मुळात ८ बिटचा असतो, इथे सगळं ३२ बिट फ्लोटमध्ये, लिनिअर, म्हणजे आकडे प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणात. आणि ज्यावर प्रत्येक जण एकदा तरी शिव्या घालतो ते म्हणजे वाय अक्ष: आफ्टर इफेक्ट्स वरून मोजतं, न्यूक खालून. १०८० उंचीच्या फ्रेममध्ये तिथला २०० म्हणजे इथला ८८०. ट्रॅक (वस्तूच्या हालचालीचे आकडे) जसाच्या तसा आणला की वर चढणारी वस्तू खाली उतरते.

शेक या जुन्या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरचं उदाहरण मला या दोन्हींच्या मधलं वाटतं. ते बनवणारी नथिंग रिअल ही कंपनी ॲपलने २००२ मध्ये घेतली आणि २००९ मध्ये शेक बंद केलं. बरेच जण न्यूककडे वळले. कागदावर हे पूर्ण स्थलांतरच होतं, मॅक्रो (स्वतः बांधलेली टूल्स) नव्याने लिहावे लागलेच. पण दोन्हीकडे नोडच असल्यामुळे हात फारसा अडला नाही. अंतर कंपन्यांमध्ये नसतं, विचार करायच्या पद्धतीत असतं.

म्हणून व्हर्जनचा प्रश्न असेल तर चालू प्रोजेक्ट जुन्यावरच संपवा. न्यूकची दोन व्हर्जन एकाच मशीनवर सुखाने नांदतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये जपून, कारण नव्यात सेव्ह केलेली फाइल जुनं व्हर्जन थेट उघडत नाही. दरवर्षी कुठलं पायथन, कुठलं ओपनईएक्सआर (चित्रांच्या फाइलचा फॉरमॅट) धरायचं हे व्हीएफएक्स रेफरन्स प्लॅटफॉर्म या उद्योगाच्या सामायिक यादीत जाहीर होतं. ते टीडीने अपडेटच्या आधी वाचावं, नंतर नव्हे.

सॉफ्टवेअर बदलायचं असेल तर डिलिव्हर झालेला एक जुना शॉट घ्या, नव्यात पहिल्यापासून बांधा आणि दोन्ही रेंडर डिफरन्सने (फक्त फरक दाखवणाऱ्या पद्धतीने) एकमेकांवर ठेवा. केसांच्या कडेला काळी रेघ दिसली, तर आधी प्रीमल्ट तपासा.