मनीऑर्डर वेगळी, वर्गणी वेगळी

लालबाग-परळचा चाकरमानी गावी दोन वाटांनी पैसे धाडतो. एक वाट घरची: पूर्वी मनीऑर्डर, शेकडा 5 रुपये कमिशन मोजून, आता मोबाइलवरून थेट आईच्या खात्यात. दुसरी वाट गावच्या मुंबई मंडळाची, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या संघटनेची: वर्गणी. दोन्ही एकाच पगारातले, म्हणून सरसकट ‘मुंबईचा पैसा’. गावच्या राजकारणात मात्र दोघांचे गुण निराळे.

मनीऑर्डर चुलीपर्यंत जाते. मधे सरपंच नाही, आमदार नाही, सरकारी तिजोरी नाही. दरमहा पैसे येणाऱ्या घराला मतदानाच्या आदल्या रात्री येणाऱ्या पाकिटाची मातब्बरी कमी. मेक्सिकोत अभ्यासकांना हेच दिसलं. तिथे पीआरआय पक्ष 1929 ते 2000 सत्तेवर होता आणि गावोगावची त्याची पकड बरीचशी वाटपावर होती. अमेरिकेतून डॉलर येणाऱ्या घरांवर त्या वाटपाची जादू फिकी पडली. तेलाचा पैसा किंवा परकी मदत आधी सरकारच्या हाती पडते आणि सत्ताधाऱ्याला बळ देते. घरी धाडलेला पैसा सत्ताधाऱ्याला वळसा घालून जातो.

पण तो माणसाला गप्पही करतो. शाळेत शिक्षक नाही? पोराला तालुक्याच्या खाजगी शाळेत घाला. आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही? रिक्षा करून खाजगी दवाखाना गाठा. ज्यांनी बोलायला हवं तीच घरं तक्रार सोडतात, आणि सरपंच सुखी.

वर्गणीत पैसा एकत्र येतो, म्हणून त्यावर कुणाचं तरी राज्य येतं. देऊळ की पाखाडी (दगडी पायवाट) की सभागृह, हे मुंबईतल्या रविवारच्या बैठकीत ठरतं. ग्रामसभेत बसण्याचा हक्क गावच्या मतदारयादीत नाव असलेल्यांचा. नाव एकाच यादीत ठेवता येतं आणि पुष्कळ चाकरमान्यांचं ते मुंबईत असतं. म्हणजे मत मुंबईत, निर्णय गावचा. गावात राहणाऱ्या बाईला मात्र विहीर हवी की कमान, हे कुणी विचारत नाही.

एकत्र पैसा पुढाऱ्यालाही दिसतो. मेक्सिकोने 2002 पासून देशभर ‘तीनास एक’ योजना चालवली: स्थलांतरितांच्या मंडळाने एक पेसो घातला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक घालणार. कामं झाली, पण ज्या गावाचं मंडळ मजबूत त्यालाच निधी. ज्यांचं कुणी परदेशी नाही ती गावं मागे. आपल्याकडेही आमदार निधीतून थोडं, मंडळाकडून थोडं आणि फलकावर दोघांची नावं, हा हिशोब कोकणात कुणाला नवा नाही. गावच्या यादीत नाव राखलेल्यांसाठी मग मतदानाला गाडीही सुटते. उमेदवाराने मतदारांना फुकट वाहनाने केंद्रावर नेणं 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम 123(5) खाली भ्रष्ट आचार ठरतं, हे गाडीत बसणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही.

हिशेबातही फरक आहे. पंचायतीच्या खर्चाची माहिती कुणीही नागरिक माहिती अधिकारात मागू शकतो. मंडळाच्या जमाखर्चाला तो कायदा सहसा लागत नाही. विचारायचं तर सभासद असावं लागतं, आणि वार्षिक सभेला मुंबईत हजर.