विश्वदृश्य (फ्लेमिश निसर्गचित्र)

सोळाव्या शतकात फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमचा भाग), विशेषतः अँटवर्प शहरात, बहरलेला निसर्गचित्रांचा प्रकार. डोंगर, नद्या, बंदरे, शेते, गावे असा अफाट मुलूख जणू उंच कड्यावरून दिसावा तसा रंगवलेला असतो आणि बायबलमधला प्रसंग त्यात कुठेतरी, बोटभर माणसांत घडत असतो. ‘वेल्टलँडशाफ्ट’ या जर्मन संज्ञेवरून हे नाव आले.

या प्रकाराचा प्रवर्तक योआकिम पाटिनिर (मृत्यू १५२४) हा म्यूज नदीकाठच्या दिनां परिसरातला. तिथले सरळसोट खडक त्याच्या चित्रांत पुन्हापुन्हा भेटतात. १५१५ मध्ये तो अँटवर्पच्या चित्रकार-संघात दाखल झाला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने आपल्या प्रवासाच्या रोजनिशीत त्याला ‘चांगला निसर्गचित्रकार’ म्हटले आहे.

अँटवर्पच्या संग्रहालयातला त्याचा ‘मिसर देशास पलायन’ हा फलक जेमतेम १७ × २१ सेंमी., म्हणजे वहीच्या पानाएवढा. मरीया, योसेफ आणि बाळ येशू खडकाळ वाटेने निघाले आहेत. मागच्या खेड्यात, बाळ येशूचा जीव घेऊ पाहणाऱ्या हेरोद राजाचे सैनिक बालकांना मारत आहेत. ते दिसायला डोळे फलकाजवळ न्यावे लागतात, आणि दिसल्यावर त्या शांत निळ्या डोंगरांकडे पहिल्यासारखे पाहवत नाही. माणसे लहान काढली म्हणजे प्रसंग गौण ठरवला, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

रंगांची रीत ठरलेली : पुढे तपकिरी, मधे हिरवा, दूरवर निळा. क्षितिज बरेच वर. गंमत अशी, की जमीन वरून पाहिलेली असते, पण खडक आणि झाडे मात्र समोरून. कामाची वाटणीही होई; माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या ‘संत अँथनीचा मोह’ या चित्रात निसर्ग पाटिनिरचा, तर माणसे क्वेंटिन मॅसिसची आहेत. पुढच्या पिढीतला हेरी मेट दे ब्लेस चित्रात घुबड लपवीत असे, म्हणून इटलीत त्याला ‘चिवेत्ता’ (घुबड) म्हणत.

थोरल्या पीटर ब्रॉयगेलने ही शैली शिखरावर नेली. व्हिएन्नातल्या ‘कालवारीकडे मिरवणूक’ (१५६४; कालवारी म्हणजे येशूला क्रूसावर चढवले ती टेकडी) या चित्रात शेकडो माणसांच्या गर्दीत, जवळजवळ मध्यभागी, क्रूसाखाली कोसळलेला येशू आहे. तरी तो शोधावा लागतो. गर्दीचे लक्ष भलतीकडेच : क्रूस वाहायला सैनिक शिमोन नावाच्या वाटसरूला ओढत आहेत आणि त्याची बायको त्याला सोडत नाही. तिच्या कमरेला ख्रिस्ती भाविकांची जपमाळ लटकते आहे.

शतकाच्या अखेरीस निसर्गचित्रकार गिलिस व्हान कोनिंक्सलो अँटवर्प सोडून ॲमस्टरडॅमला स्थिरावला. हॉलंडमध्ये पुढे क्षितिज खाली आले, आभाळ वाढले, आणि बायबलच्या प्रसंगावाचूनही निसर्गचित्र पुरे मानले जाऊ लागले.