ओठावर फुटलेला ताप आणि ज्येष्ठमधाची काडी

ताप उतरत आला की ओठाच्या कडेला चुरचुरायला लागायचं आणि सकाळपर्यंत पाण्यानं भरलेल्या बारीक पुळ्यांचा घोस उठायचा. ‘ताप फुटला, आता बाहेर पडेल,’ म्हणत घरातल्यांचा जीव भांड्यात पडे. मग सहाण निघायची. ज्येष्ठमधाची काडी दोन थेंब पाण्यात उगाळायची, ते पिवळसर गंध साजूक तुपात कालवायचं आणि करंगळीनं ओठाला लावायचं.

हे घरगुती औषध आपल्या मातीतलं मात्र नाही. ही काडी अफगाणिस्तान, इराण, मध्य आशियाकडून व्यापाऱ्यांच्या हातून येत राहिली. संस्कृतात ती यष्टिमधु, यष्टी म्हणजे काठी. चरकसंहितेत हे नाव जागोजागी भेटतं. बोलीत त्याचं जेष्ठीमध झालं, आणि पुढे कुणीतरी त्याला ‘ज्येष्ठ’ करून टाकलं. ग्रीकांनीही तिला ‘गोड मूळ’च म्हटलं; शास्त्रीय नाव ग्लायसिऱ्हायझा त्यातूनच आलं. ओठावरच्या या पुळ्या हर्पीस नावाच्या विषाणूच्या. हर्पीस हा शब्दही ग्रीकच, अर्थ सरपटणं. याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूच्या आजाराला आपण नागीण म्हणतो. एकमेकांना न विचारता दोन्ही भाषांना सरपटणंच दिसलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

1979 साली इटलीतल्या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत लिहिलं, की ज्येष्ठमधातलं ग्लायसिऱ्हायझिक आम्ल हर्पीसचे विषाणू कायमचे निकामी करतं. तेव्हापासून ‘आजी बरोबरच होती’ म्हणायला आधार मिळाला. पण तो प्रयोग काचेच्या भांड्यातल्या पेशींवरचा. सहाणेवरचं गंध ओठावर तेवढंच काम करतं, असं त्यावरून ठरत नाही. शिवाय या पुळ्या काही न लावताही साधारण सात ते दहा दिवसांत सुकतात. म्हणून जे लावाल, त्याला गुण येतो.

आणि ताप बाहेर पडतच नसतो. बहुधा लहानपणीच शिरलेला विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर दडून बसतो; ताप, ऊन, जागरण यांनी जागा होतो. त्याला थोपवणारं असायक्लोव्हिर हे औषध 1970च्या दशकात आलं. त्या संशोधनात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 साली नोबेल मिळालं.

आमच्याकडे बाळगुटीतलं ज्येष्ठमधही त्याच सहाणेवर, वळसे मोजून उगाळलं जाई आणि त्याच करंगळीनं चाटवलं जाई. आता त्या करंगळीचीच भीती वाटते. मोठ्यांच्या ओठावर आठवडाभर चुरचुरणारा हा विषाणू महिन्याच्या आतल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो.