सहभोजन

सहभोजन : जात, धर्म किंवा पक्ष यांमुळे एरवी एकमेकांच्या हातचे न खाणाऱ्यांनी ठरवून, उघडपणे, एका पंक्तीला बसून जेवणे. लग्नमुंजीच्या पंगती, भंडारा, अन्नछत्र यांत अनेक माणसे एकाच वेळी जेवतात; पण तेथे बंदी मोडण्याचा हेतू नसतो, म्हणून त्यांना सहभोजन म्हणत नाहीत. शासकीय अनुदानाची झुणका-भाकर केंद्रे (१९९५, पुढे बंद) किंवा शिवभोजन थाळी (२०२०) या स्वस्त अन्नाच्या योजना आहेत, त्यांचाही येथे विचार केलेला नाही. महाराष्ट्रात हा शब्द मुख्यतः जातीच्या ‘रोटीबंदी’च्या संदर्भात रूढ झाला. राजकीय विरोधकांच्या स्नेहभोजनाला तो पुढे सैलपणे लावला जाऊ लागला.

प्राचीन आधार : सुधारकांनी सहभोजनाच्या बाजूने वेदवचने काढली आणि त्यावर बराच वाद झाला. अथर्ववेदातील सांमनस्य सूक्तात (३·३०) ‘समानी प्रपा सह वोऽन्नभागः’ म्हणजे तुमची पाणपोई एक असो, अन्नाचा वाटा एकत्र असो, असे म्हटले आहे. तैत्तिरीय संहितेतील ‘चमक’ या मंत्रसमूहात ‘सग्धिश्च मे सपीतिश्च मे’ अशी एकत्र खाण्याची आणि एकत्र पिण्याची मागणी येते. ऋग्वेदात (१०·११७) एकट्याने खाणारा एकट्याने पापाचा धनी होतो, असे वचन आहे. मात्र सांमनस्य सूक्ताचा विषय एका कुटुंबातील किंवा कुळातील सलोखा हा आहे. त्यावरून वर्णावर्णांतील अन्नव्यवहार सिद्ध होतो असे म्हणणे ताणलेले वाटते. त्यापेक्षा आपस्तंब धर्मसूत्राचा आधार भक्कम आहे. आर्यांच्या देखरेखीखाली शूद्रांनी अन्न शिजवावे, अशी मुभा त्यात स्पष्ट आहे. ही मुभा पुढे ‘कलिवर्ज्य’ म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवून काढून घेण्यात आली. जी गोष्ट नंतर वर्ज्य करावी लागली ती आधी चालू होती, हा सुधारकांचा युक्तिवाद म्हणूनच ग्राह्य वाटतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या संदर्भात ‘पंक्तिपावन’ कोण आणि पंक्तीला कोण चालत नाही, याची लांबलचक गणना आहे. पंगत हे बहिष्काराचे हत्यार किती जुने आहे, ते त्यावरून दिसते.

वारकरी संप्रदायातील काल्याला सहभोजनाचे पूर्वरूप मानण्याविषयी दोन मते आहेत. गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून वाटून खाणे, ही काल्याची कल्पना निःसंशय समतेची आहे. पण काल्यात लाह्या, पोहे, दही असे पदार्थ असतात. भात-भाकरीसारख्या पाण्यात शिजवलेल्या, म्हणजे खरकट्या, अन्नाइतका विटाळ त्यांना मानला जात नसे. चोखामेळ्याच्या परंपरेला देवळाबाहेरच राहावे लागले, हेही काला हे पूर्वरूप नव्हे, या दुसऱ्या मताला बळ देते.

एकोणिसावे शतक : मुंबईत १८४९ च्या सुमारास (काहींच्या मते एकदोन वर्षे आधी) दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण इत्यादींनी जातिभेद मोडू पाहणारी परमहंस सभा स्थापन केली. सभासद होताना परजातीच्या किंवा परधर्मीयाच्या हातचे पाव आणि पाणी घ्यावे लागे. ते कोणाच्या हातचे, याविषयीच्या वर्णनांत फरक आढळतो. हे सारे गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस जाऊन नावे फुटली आणि सभा मोडली. गुप्त सहभोजन टिकत नाही, हा धडा पुढच्या पिढीने यातूनच घेतला असावा.

पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधील प्रकरण राजकीय दृष्ट्या अधिक बोलके आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये (दिवसाबाबत एकवाक्यता नाही) मिशनमधील एका व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशी परस्परविरोधी मतांची माणसे तेथे होती. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी नावे छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचा रोष ओढवून घेतला. एका टेबलाभोवतीचा चहा दोन पक्षांना जवळ आणू शकला नाही, उलट भांडायला एक विषय मिळाला. तो चहा कोणी ठरवून घेतलेला नव्हता. पुढे त्याची जबाबदारी कशी घ्यायची, हे प्रत्येकाने एकेकट्याने ठरवले, आणि घोटाळा तेथे झाला.

विसावे शतक : केरळात चेराई येथे १९१७ मध्ये सहोदरन अय्यप्पन यांनी एळवा आणि पुलया या जातींतील लोकांचे मिश्रभोजन घडवले आणि त्याबद्दल बहिष्कार सोसला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानासमोर गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही घ्यायला लावत. राजाने प्यालेल्या चहाला विटाळ म्हणण्याची सोय कोणालाच उरत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये स्थापन झालेल्या समाज समता संघाने सहभोजने सुरू केली. टिळकांचे पुत्र श्रीधरपंत यांनी एप्रिल १९२८ मध्ये पुण्याच्या गायकवाड वाड्यात संघाची शाखा उघडली आणि तेथेच सहभोजन घडवले. ज्या घराने एका पेल्याचे प्रायश्चित्त सांगितले त्याच घराच्या वाड्यात, त्या चहानंतर अडतीस वर्षांनी, ही पंगत बसली. पुढच्याच महिन्यात श्रीधरपंतांचा मृत्यू झाला आणि तेथील काम खुंटले.

रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांना राजकारणात भाग घेण्यास मनाई होती. त्यांनी ‘सात स्वदेशी बेड्यां’त रोटीबंदी धरून १९३० पासून जाहीर सहभोजने चालवली. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने बांधलेले पतितपावन मंदिर त्यांचे केंद्र बनले, आणि १९३३ मध्ये अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. जेवणाऱ्यांची नावे येथे मुद्दाम प्रसिद्ध करत. पंचहौद प्रकरणात जी प्रसिद्धी शिक्षा होती, ती येथे प्रतिज्ञा झाली. या पंगतींचे उद्दिष्ट हिंदूंचे संघटन होते, समता संघाचे समान हक्क. पत्रावळीवरचे अन्न सारखेच असले तरी राजकारण निराळे होते आणि निराळेच राहिले.

अनंत हरी गद्रे यांनी १९४० च्या दशकात झुणका-भाकर सहभोजने आणि झुणका-भाकरीचा सत्यनारायण गावोगाव केला. अस्पृश्य मानलेल्या जोडप्याला पूजेला बसवून त्यांच्या पायांचे तीर्थ घेण्याची प्रथा त्यांनी पाडली.

रचना आणि साहित्य : झुणका-भाकरीची निवड विचारपूर्वक आहे. हे अन्न सर्व जातींच्या घरी होते, स्वस्त आहे आणि कोणाच्या पथ्यात सहसा अडत नाही. जैन मंडळी असतील तर कांदा-लसूण नसलेला घाणा वेगळा काढावा. एकादशी, संकष्टी टाळावी. शंभर माणसांना माणशी अडीच भाकऱ्या धरल्यास सुमारे २० किलो ज्वारीचे पीठ लागते. ४ ते ५ किलो बेसन, तितकाच कांदा आणि दीड लिटर तेल पुरते. पीठ आठवड्याच्या आतले हवे. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. अशा वेळी आधणाच्या पाण्यात पीठ मळले तर काम निभते. एका चुलीवर तासाला पंचवीस-तीस भाकऱ्या होतात, म्हणजे चार चुली आणि अडीच तास धरावेत. गरम भाकऱ्या एकावर एक रचल्या तर घाम धरून चिवट होतात. टोपलीत धोतर पसरून उभ्या लावाव्यात. पातळ पिठले पंगतीत निवून घट्ट होते, म्हणून कोरडा झुणका बरा.

खरी कसोटी बैठकीची असते. लोकांना मोकळे सोडले तर ओळखीचे ओळखीच्यांजवळ बसतात आणि एका मांडवात चार पंगती होतात. म्हणून दाराशी क्रमांकाच्या चिठ्ठ्या द्याव्यात. वाढपी सर्व गटांचे असावेत. पाण्याचा तांब्या एकच असावा आणि तो हातोहात फिरावा. पत्रावळी उचलण्याचे काम ठरावीक लोकांच्या गळ्यात पडले की जेवण जिथल्या तिथे फसते. काही गावांत घरोघरच्या भाकऱ्या आणून एकाच टोपलीत मिसळतात. वाटताना मुले हात घालतील ती भाकरी काढतात. जाडजूड, पातळ, कडेला करपलेली, पण कोणाच्या घरची हे सांगता येत नाही. यात अडचण टळते हे खरे. मात्र कोणाच्या हातचे आहे हे माहीत असून खाणे हा सहभोजनाचा गाभा आहे, आणि टोपली तोच झाकून ठेवते.

परिणामांविषयीची मते : आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण न झालेल्या भाषणात सहभोजन अपुरे ठरवले. सहभोजन चालू असलेल्या कितीतरी जातींत जातिभावना तशीच आहे, खरा उपाय मिश्रविवाह, हे त्यांचे प्रतिपादन नंतरच्या अनुभवाने खोटे पडलेले नाही.

सामाजिक मानसशास्त्रातही असेच निघाले. मुझफ्फर शरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात बावीस मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावली. वैर वाढल्यावर दोन्ही गटांना एकत्र जेवू घातले, तर मुलांनी अन्न एकमेकांवर फेकले. पाणीपुरवठा बंद पडला, गाडी अडली, अशी दोघांनी मिळून करायची कामे पुढ्यात आल्यावर मात्र कटुता ओसरली, आणि त्यानंतरची जेवणे शांतपणे झाली. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट यांनी परस्परसंपर्काने पूर्वग्रह कमी व्हायचे तर समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि अधिकृत पाठिंबा या चार अटी घातल्या. शाहू महाराजांच्या चहात चौथी अट पुरेपूर होती, पंचहौदच्या चहात तिचा मागमूस नव्हता.

पक्षनेत्यांची स्नेहभोजने, इफ्तार, हिवाळ्यातील हुरडा पार्ट्या यांचा या दृष्टीने अभ्यास थोडा झाला आहे. हुरड्याला आगटीभोवती बसावे लागते. कणसे भाजून हातावर चोळून गरम असतानाच वाटतात, त्यामुळे मानाची खुर्ची राहत नाही. एवढ्यापुरती हुरडा पार्टी मेजवानीपेक्षा सहभोजनाला जवळची आहे. पण निमंत्रण नेत्याचे, शेत नेत्याचे आणि परतीचे बोलावणे बहुधा नसते. रत्नागिरीत आणि समता संघात आज पाहुणा असलेला उद्या यजमान होऊ शकत होता. तेथे जेवण घरापर्यंत पोचले, ते त्या ये-जा करण्याने.