धरण शून्य टक्के, तरी पाणी ७३८ दलघमी

पाऊस लांबला की मराठवाड्यात पेपर उघडल्यावर आधी बघतात तो जायकवाडीचा टक्का. तो घसरत शून्यावर येतो आणि पुढे चक्क ‘उणे’ टक्के छापून येतात. धरणात उणे पाणी कसं असेल? याचं उत्तर दहावीच्या गणितातल्या एका सरळ रेषेत आहे.

पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, एकूण २,९०९ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. त्यातलं तळाचं ७३८ दलघमी हा मृतसाठा. हे पाणी एरवी वापरासाठी धरत नाहीत. टंचाईत ते उपसून घ्यावं लागतं. वरचा २,१७१ दलघमी हा जिवंत साठा, आणि पेपरातला टक्का फक्त त्याचा असतो.

आता आलेख काढू. आडव्या अक्षावर टक्का (एक्स), उभ्या अक्षावर एकूण पाणी (वाय). टक्का ४० असताना धरणात १,६०६.४ दलघमी पाणी असतं, ६० असताना २,०४०.६. रेषेला दोन बिंदू पुरतात. पाणी वाढलं ४३४.२, टक्के वाढले २०, भागाकार २१.७१. हा रेषेचा चढ. एक टक्का वाढला की धरणात २१.७१ दलघमी पाणी आलं, एवढाच त्याचा अर्थ. आता ४० टक्क्यांवरून शून्यापर्यंत मागे या: १,६०६.४ मधून ४० गुणिले २१.७१ वजा करा, उरतात ७३८. रेषा उभ्या अक्षाला इथे छेदते, म्हणून हा तिचा आंतरछेद. समीकरण झालं:

वाय = २१.७१ एक्स + ७३८

म्हणजे मृतसाठा हाच आंतरछेद! मला हे फार सुंदर वाटतं. पुस्तकात रेषेचं समीकरण ‘वाय = एम एक्स + सी’ असं लिहितात, त्यातला ‘सी’ म्हणजे हा आंतरछेद. परीक्षेत मुलं ‘सी’ची किंमत काढून मोकळी होतात, पण इथे त्या ‘सी’वर गावंच्या गावं उन्हाळा काढतात. एक्सच्या जागी उणे १० घाला, वाय येतो ५२०.९. उणे दहा टक्क्यांनाही एवढं पाणी धरणात आहे. वाय शून्य होतो तो एक्स उणे ३४ च्या आसपास गेल्यावर. धरण खरोखर कोरडं पडतं ते तिथे.

चढाकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. लातूरची तहान भागवणाऱ्या मांजरा धरणाचा जिवंत साठा सुमारे १७७ दलघमी, म्हणजे चढ जेमतेम १.७७. दोन्ही धरणं ‘दहा टक्के’ म्हटली तरी जायकवाडीत जिवंत पाणी २१७ दलघमी आणि मांजरात १७.७. नुसते टक्के शेजारी ठेवून धरणांची तुलना करणं म्हणूनच चूक आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते या मांजराच्या भरवशावर असलेल्या लातूरला.

हा हिशेब टक्के आणि पाणी यांचा आहे, पाणीपातळीचा नाही. जायकवाडीची पूर्ण पातळी १,५२२ फूट. वरच्या एका फुटात तळाच्या एका फुटापेक्षा कितीतरी जास्त पाणी मावतं, कारण धरण वर पसरत जातं. फूट आणि दलघमी यांचा आलेख त्यामुळे वाकडा येतो, आणि त्याला सगळीकडे एकच चढ नसतो.

शिवाय गाळ आहे. तो तळाशी बसला की ७३८ कमी होतात, वरच्या भागात साचला की २१.७१ कमी होतात. गाळाचं सर्वेक्षण करून साठा नव्याने मोजला, की या रेषेचे दोन्ही आकडे पुन्हा काढावे लागतात.